गोपाळच्या अकाउंटचा राखणदार

गोपाळकृष्ण जोगळेकर दर गुरुवारी संध्याकाळी पुराणिकांकडे चहाला यायचा, तसा त्या गुरुवारीही आला. नोटा बदलण्याच्या रांगा संपल्या, त्याच्या पुढचं वर्ष होतं ते. सहकारनगरातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडकीतून दिसणारी तळजाईची टेकडी आणि कोपऱ्यात एकसुरी घुरघुरणारं ऑक्सिजनचं यंत्र. यंत्राची नळी उल्काताईंच्या नाकाला लावलेली. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेल्या या बाईंची फुप्फुसं आता कडक होत चालली होती. घराला त्या घुरघुरीची इतकी सवय झाली होती, की वीज गेली की शांतताच कानाला टोचायची.

यज्ञेश्वर पुराणिक आणि गोपाळ यांनी उमेदीची सगळी वर्षं सातारा रस्त्यावरच्या टीव्हीच्या कारखान्यात शेजारशेजारच्या टेबलांवर काढली होती. पुढे बाहेरच्या कंपन्यांचे टीव्ही आले, कारखाना आचके देत बंद पडला आणि दोघांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचं पाकीट पडलं. पुराणिकांनी स्टॅबिलायझर दुरुस्तीचं दुकान टाकलं. गोपाळने पन्नाशीला टेकल्यावर कॉम्प्युटर शिकून घेतला आणि धनकवडीत क्लास काढला. लग्न त्याने केलंच नव्हतं.

"यज्ञेश, फोन दे तुझा जरा," कप खाली ठेवत गोपाळ म्हणाला. "तुला माझा वारस करतोय."

"फ्लॅटचा का?" उल्काताईंनी खुर्चीतूनच विचारलं.

"नाही वहिनी. अकाउंटचा."

"मग राहू दे. आमच्याकडे ठेवायला जागा नाही."

ज्या साइटवर सगळे निवृत्त लोक उजाडायच्या आत एकमेकांना गुलाबाची फुलं पाठवतात, तिथल्या अकाउंटबद्दल तो बोलत होता. "आपण मेल्यावर त्याचं काय होतं, विचार केलायस कधी? काही होत नाही. वाढदिवस येत राहतात. परवा एका गेलेल्या माणसाला लोकांनी 'शतायुषी व्हा' लिहिलंय. म्हणून आधीच एक राखणदार नेमायचा. मी गेलो की तू दाखला पाठवायचास, मग ते माझ्या नावापुढे 'स्मरणार्थ' लावतात. माझे निरोप तुला वाचता येणार नाहीत, माझ्या नावाने काही लिहिता येणार नाही. फोटो बदलता येईल, आणि कोणाची मैत्रीची विनंती आली तर हो किंवा नाही म्हणता येईल. बस."

"मेलेल्या माणसाला कोण विनंती पाठवणार?"

"लोकांना उशीर झालेला कळत नाही रे," गोपाळ म्हणाला. "आता वहिनींचंच बघ. माझी विनंती अजून तशीच पडून आहे त्यांच्याकडे."

"दर गुरुवारी घरी येऊन चहा पिणाऱ्या माणसाशी फोनवर वेगळी मैत्री कशाला करायची?" उल्काताई म्हणाल्या. एवढ्या एका वाक्यानेही त्यांना दम लागला.

पुराणिकांनी फार विचार न करता होकाराच्या बटणावर बोट टेकवलं.

गोपाळ माघात गेला. क्लासमध्ये शिकवता शिकवता खाली बसला, तो उठलाच नाही. मागेपुढे कोणी नसल्यामुळे वैकुंठ स्मशानभूमीतल्या पावतीपासून सगळं पुराणिकांच्या अंगावर आलं. माणूस एका दिवसात जातो, पण त्याला बंद करायला महिने लागतात, हे त्यांना त्या उन्हाळ्यात कळलं. गॅस, वीजमीटर, बँक, सोसायटी. प्रत्येक खिडकीपाशी तोच प्रश्न, "आपण त्यांचे कोण?" घरी आजारी बायकोला शेजारणीच्या भरवशावर ठेवायचं, उन्हातून जायचं आणि हे ऐकून परत यायचं. पुराणिक मुळापासून थकले होते.

अकाउंट शेवटी राहिलं. त्यांचा मुलगा सलिल हडपसरला सॉफ्टवेअर कंपनीत होता, तिकडेच राहायचा. एका रविवारी तो बायकोला आणि मुलगी स्पृहाला घेऊन आला आणि त्याने दाखल्याचा फोटो काढून साइटला पाठवून दिला. पुढच्या आठवड्यात गोपाळच्या नावापुढे 'स्मरणार्थ' आलं.

पहिली विनंती आली तेव्हा पुराणिक सकाळचा चहा पीत होते.

'वैजनाथ शेंडगे यांनी गोपाळकृष्ण यांना मैत्रीची विनंती पाठवली आहे. स्वीकारा. नाकारा.'

वैजनाथ त्यांच्याच विभागात होता. तयार झालेले टीव्ही तपासायचा. कात्रजच्या घाटात स्कूटर घसरून गेला तेव्हा कारखाना जोरात चालू होता आणि असल्या साइट कोणाच्या स्वप्नातही नव्हत्या. पुराणिकांनी फोटो मोठा केला. खाकी कोट, मागे उंच खिडक्या, खिडकीबाहेर पाण्याची टाकी. त्या जागेवर आता मॉल उभा होता. वैजनाथ कामावरून मान वर करून बाजूला बघत होता, नुकतीच कोणीतरी हाक मारावी तसा.

पुराणिकांचं सगळं आयुष्य दोष शोधण्यात गेलं होतं. सर्किटमध्ये दोष असतो, भूत नसतं, आणि दोष सापडला नाही तर तो शोधणाऱ्याचा दोष, असं ते शिकाऊ पोरांना सांगायचे. वैजनाथला एक मुलगा होता. त्याने बापाच्या नावाने अकाउंट काढलं असणार. त्यांनी 'स्वीकारा' दाबलं आणि गार झालेला चहा संपवला.

त्यानंतर कँटीनमधल्या सोनबाची विनंती आली. सोनबाने जन्मात फोन वापरला नव्हता. कारखाना बंद पडला त्याच वर्षी तो गावी जाऊन वारला. फोटोत त्याच्या हातात किटली होती, किटलीतून वाफ निघत होती आणि तोही कोणाच्या तरी हाकेसरशी वळून बघत होता.

सलिलला विचारल्यावर तो म्हणाला, "बाबा, बनावट अकाउंट असतात ती. कुठून तरी जुने फोटो उचलतात. इग्नोर करा ना."

"कारखान्यात कॅमेरा न्यायला बंदी होती रे."

"मग कोणीतरी चोरून नेला असेल."

हे उत्तर वाईट नव्हतं. पुराणिकांनी ते ठेवून घेतलं, आणि सोनबालाही 'स्वीकारा' केलं.

पावसाळा सरता सरता दशरथ घुल्यांची विनंती आली. ती बघून पुराणिकांना हसू आलं, कारण कारखान्याच्या स्टोअरमध्ये असलेला दशरथ चांगला धडधाकट होता. विश्रांतवाडीला राहायचा आणि आदल्याच रविवारी स्वारगेटच्या हॉटेलात त्यांच्यासमोर बसून इडलीला नावं ठेवत होता. पुराणिकांनी त्याला फोन लावला.

"दशरथ, गोपाळला विनंती कशाला पाठवलीस?"

"कसली विनंती?"

"मैत्रीची. त्या साइटवर."

"मला येतं व्हय ते? सुनेने काय काय घालून ठेवलंय फोनात. बोट लागलं असेल." दशरथ खो-खो हसला. "आता आलीच आहे तर कर मंजूर. एकटाच होता बिचारा."

फोन न ठेवता पुराणिकांनी स्पीकर चालू केला आणि 'स्वीकारा' दाबलं. "केलं बघ," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसताना दशरथच्या सुनेचा फोन आला. आंघोळीहून आले, देवासमोर, म्हणजे बुद्धाच्या मूर्तीसमोर उदबत्ती लावली आणि तिथेच कलंडले, असं ती सांगत होती.

सत्तरी ओलांडलेल्या लोकांत असे योगायोग व्हायला फार काही लागत नाही, असं पुराणिकांनी स्वतःला बजावलं. विश्रांतवाडीहून परतताना बसमध्ये त्यांनी दशरथचा फोटो पहिल्यांदाच मोठा करून बघितला. रविवारी हॉटेलात घातलेलाच चौकड्यांचा शर्ट होता. समोर इडलीची बशी. दशरथ वळून दाराकडे बघत होता. त्या दिवशी टेबलाशी दोघंच होते, आणि पुराणिकांनी फोटो काढला नव्हता.

त्यांनी फोन खिशात घातला आणि घरी येईपर्यंत बाहेर काढला नाही.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि उल्काताईंचं दुखणं वाढलं. यंत्राचा काटा वर सरकवावा लागला. बाथरूमपर्यंत जाऊन येणं हा दिवसभराचा कार्यक्रम झाला. अशाच एका सकाळी पुराणिक गॅसवर दूध ठेवून उभे असताना फोन थरथरला.

'उल्का पुराणिक यांनी गोपाळकृष्ण यांना मैत्रीची विनंती पाठवली आहे.'

दूध उतू गेलं. ते गॅस बंद करून आतल्या खोलीत गेले. उल्काताई उशांना टेकून झोपल्या होत्या. त्यांचा फोन कपाटात होता, साड्यांखाली, केव्हाच चार्जिंग संपलेला. पुराणिकांनी तो मुद्दाम हातात घेऊन बटण दाबून बघितलं. पडदा काळाच राहिला.

विनंतीतला फोटो याच खोलीतला होता. उल्काताई खिडकीपाशी उभ्या, अंगावर निळी सुती साडी, मान दाराकडे वळवलेली. नाकात नळी नव्हती.

त्यांनी 'नाकारा' दाबलं. पहिल्यांदा अंगठा बाजूलाच पडला, म्हणून दोनदा दाबावं लागलं.

आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. धावत गेले तर उल्काताई उठून बसल्या होत्या, घामाघूम. "फार खोल झोप लागली होती हो," त्या म्हणाल्या. "परत यायला वेळ लागला."

दुसऱ्या दिवशी सकाळी विनंती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. पुराणिकांनी ते अकाउंट उघडायचा प्रयत्न केला, तर अशी व्यक्ती सापडत नाही, असं उत्तर आलं. सलिलला त्यांनी सांगितलं नाही. तो काय म्हणेल ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचं बरोबर निघेल की चूक, याची परीक्षा घ्यायची त्यांची तयारी नव्हती. राखणदारी सोडून देण्याचाही विचार केला. पण आपण सोडली तर विनंतीला उत्तर कोण देणार, आणि कोणीच दिलं नाही तर काय समजलं जाणार, हे त्या साइटवर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मग ती एक नोकरीच झाली. उठलं की तोंड धुण्याआधी फोन बघायचा आणि 'नाकारा' दाबायचं. पुढे जेवणानंतरही विनंती यायला लागली. पुढे पुढे आंघोळीला जाताना ते फोन दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून खुंटीला अडकवायचे. भाजी आणायला खाली उतरले तरी हातात फोन, देवळासमोर हात जोडले तरी त्यात फोन. छातीचे डॉक्टर प्रत्येक वेळी रिपोर्ट बघून भुवया उंचावत. "या आकड्यांवर माणूस बसून बोलू शकत नाही," असं ते म्हणाले, तेव्हा उल्काताई समोर बसून त्यांच्याशी बोलतच होत्या. पण बोलत होत्या म्हणजे काय, एकेक शब्द ओढून काढत होत्या. अंगावर मांस उरलं नव्हतं. पाठीला फोड आले होते. कूस बदलली की त्या ओठ चावायच्या, आणि पुराणिक दुसरीकडे बघायचे.

एकदा वीज गेली ती सकाळ उलटली तरी आली नाही. यंत्राऐवजी सिलिंडर जोडण्याच्या गडबडीत फोन कधी बंद पडला ते पुराणिकांना कळलंच नाही. खालच्या दवाखान्यात इन्व्हर्टर होता. तिथे कंपाउंडरच्या हातापाया पडून त्यांनी फोन चार्जिंगला लावला, पडदा उजळताच विनंती नाकारली आणि जिन्याने वर पळाले. उल्काताईंचे ओठ निळे पडले होते. शेजारीण रामरक्षा म्हणत होती. ते दारात पोचायला आणि त्यांनी श्वास ओढायला एकच गाठ पडली.

दुपारी वीज आली, यंत्र सुरू झालं आणि शेजारीण गेल्यावर उल्काताईंनी त्यांना जवळ बोलावलं.

"अहो, तुम्हाला एक विचारायचंय."

"बोलू नकोस. दम लागेल."

"लागू दे." त्या थोडा वेळ नुसत्याच श्वास घेत राहिल्या. "मी रोज कुठेतरी जाते. लांबलचक खोली आहे. टेबलं मांडलीत. तुमच्या शर्टाला कारखान्याचा वास यायचा ना, जळक्या राळेचा, तसा वास येतो तिथे. दारात मला नाव विचारतात. कोणीतरी आत जाऊन येतं आणि सांगतं, 'नाही म्हणालेत.' मग जिना उतरून परत यावं लागतं मला. फार पायऱ्या आहेत हो."

पुराणिकांनी त्यांच्या पाठीमागची उशी सारखी केली.

"कोण नाही म्हणतं, हे काही ते सांगत नाहीत," उल्काताई म्हणाल्या. त्यांची नजर पुराणिकांच्या हातातल्या फोनवर होती. "आज अगदी आत पोचले होते मी. गोपाळभावजींनी खुर्चीसुद्धा ओढून दिली."

"उल्का…"

"मी वर्गातल्या पोरांनासुद्धा इतका वेळ दाराबाहेर उभं केलं नाही कधी." त्या हसल्या, म्हणजे ओठ थोडे हलले. "दमले मी. तुम्हीही दमलात. तोंड बघा आरशात."

खिडकीबाहेर तळजाईवर मोर ओरडला. यंत्र घुरघुरत होतं. पुराणिकांनी बायकोचा हात हातात घेतला. हाताला वजनच नव्हतं.

फोन थरथरला.

त्यांनी बघितलं. तोच फोटो. निळी साडी, वळलेली मान.

"सलिलला बोलावू का?" त्यांनी विचारलं.

"काल येऊन गेला. स्पृहाला पण बघितलं. पुरे."

पुराणिकांचा अंगठा बराच वेळ पडद्यावर नुसता टेकलेला होता. डोळे भरून आल्यामुळे अक्षरं दिसत नव्हती. पण बटणांच्या जागा त्यांना न बघता माहीत होत्या.

त्यांनी 'स्वीकारा' दाबलं.

उल्काताईंनी मान दाराकडे वळवली. "आले," त्या म्हणाल्या. आवाज स्वच्छ होता, पहिल्यासारखा, शाळेतल्यासारखा.

त्यानंतर नुसतं यंत्र चालत राहिलं. पुराणिकांनी ते उठून बंद केलं.

चौदावा झाला, पाहुणे पांगले. घरात एवढी शांतता होती की खालच्या मजल्यावरचा मिक्सरही ऐकू यायचा. पुराणिकांना दुःख होतं, पण त्याच्या तळाशी सुटल्यासारखंही वाटत होतं. विनंत्या थांबल्या होत्या. पुष्कळ दिवसांनी ते फोन घरी ठेवून तळजाईवर जाऊन आले. आपलंही आता आवरतं घ्यावं, असं वर दगडावर बसल्या बसल्या त्यांच्या मनात येऊन गेलं. त्यात भीती नव्हती. उलट बरं वाटलं.

रविवारी सलिल आला. "बाबा, आईचं अकाउंट मी स्मरणार्थ करून घेतलंय. गेल्या वर्षी माझ्याकडून सेटिंग करून घेतली होती तिने. राखणदार तुम्हालाच नेमलंय. तिचा फोटो तेवढा चांगला लावा."

तो चहा करायला स्वयंपाकघरात गेला. सात वर्षांची स्पृहा बाहेर गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होती, पाण्यापेक्षा चिखल जास्त करत होती. पुराणिकांनी उल्काताईंचं अकाउंट उघडलं. एक विनंती येऊन पडली होती.

नाव वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सलिल, स्पृहाचं अकाउंट आहे का रे त्या साइटवर?"

"काहीतरीच काय बाबा, पहिलीत आहे ती. तिला फोनसुद्धा देत नाही आम्ही." भांड्यांचा आवाज आला. "का हो?"

"काही नाही. सहज."

फोटोत स्पृहा शाळेच्या गणवेशात होती, दोन वेण्या घातलेली. चौकटीबाहेर कोणाकडे तरी वळून बघत होती आणि तोंडभर हसत होती.

पुराणिकांनी 'नाकारा' दाबलं. या वेळी एकदाच दाबावं लागलं.

सोमवारी सकाळी विनंती पुन्हा आली. मंगळवारीही आली. बुधवारी नाकारून झाल्यावर पुराणिकांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि ते खालच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई त्यांना चांगल्या ओळखत होत्या. त्यांनी रक्तदाब बघितला, छाती तपासली, डोळ्यांत बॅटरी मारली.

"तब्येत बरी आहे काका. काय होतंय तुम्हाला?"

"काहीच होत नाही. रक्त, हृदय, डोळे, जेवढ्या तपासण्या असतील तेवढ्या सगळ्या लिहून द्या. आणि काय खायचं, काय नाही, तेही सांगा. मला टिकायचंय."

"छान! नातीचं लग्न बघायचंय वाटतं?"

"तिची सत्तरी बघायची आहे."

डॉक्टरीणबाई मोठ्याने हसल्या आणि कागद पुढे ओढून लिहायला लागल्या. पुराणिक हसले नाहीत. त्यांच्या खिशातला फोन पुन्हा थरथरला. अजून अकरासुद्धा वाजले नव्हते.